नवशिक्यांसाठी कासवदर्शन (सांगानेरमार्गे)

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरबुर नको. ज्यांच्या परसदारी समुद्र आहे त्यांनी हे वाचू नये. त्यांना भरती-ओहोटी तोंडपाठ असते आणि आमच्यासारख्यांची गंमत बघायला त्यांना लेख लागत नाही. आम्ही समोरच उभे असतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात धरून.

हे आहे सांगानेरकरांसाठी. जयपूरचा विमानतळ जिथे आहे ते सांगानेर. कापडावर ठप्पे मारणारे छीपा इथले, हातकागद बनवणारे कागजी इथले, आणि 1963 पासूनची खुली जेलही इथलीच. त्या जेलातले कैदी बायकामुलांसह राहतात, सकाळी कामाला बाहेर पडतात आणि संध्याकाळी हजेरीला आपल्या पायांनी परत येतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. नदीचं नाव द्रव्यवती, पण परवापरवापर्यंत सगळं गाव तिला अमानीशाहचा नालाच म्हणायचं. समुद्राचं म्हणाल, तर पश्चिमेला सांभर सरोवर आहे. तिथे मीठ पिकतं, रोहित पक्षीही येतात. सगळी तयारी झालेली आहे, फक्त समुद्र यायचा राहिलाय.

मी नोकरीपायी इथे चौदा वर्षं आहे. भिंतीला भिंत लागून घर आहे ते भाईसाबांचं. धंदा पिढीजात ठप्पेकामाचा. एका धुळवडीला त्यांनी गच्चीवर मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर निळंशार पाणी, त्यात बसएवढा ठिपक्याठिपक्यांचा मासा, आणि त्याच्या तोंडासमोर एक बाई अंगठा वर करून हसतेय. “आपल्याकडे असं काही आहे का?” त्यांनी विचारलं. आपल्याकडे म्हणजे माझ्याकडे. चौदा वर्षांत भाईसाबांनी महाराष्ट्राच्या सगळ्या गोष्टी माझ्या नावावर करून ठेवल्यात. कांदा महागला की तेही माझंच काम.

पायरी पहिली: प्राणी निवडणे.

तो मासा म्हणजे व्हेल शार्क आणि ते गाव म्हणजे फिलिपिन्समधलं ओस्लोब, सेबू बेटाच्या दक्षिण टोकाकडलं. नवशिक्यांनी ओस्लोबची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण पर्यटनाच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. साधारण 2011 पासून तिथले कोळी होड्यांतून बारीक कोळंबी पाण्यात टाकतात. मासे ती खायला रोज सकाळी येतात. पर्यटक पैसे भरतात, माशापासून चार मीटर लांब राहायचं असा दम त्यांना दिला जातो, मग त्यांना पाण्यात सोडतात, फोटो निघतो, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपतं. मासा दिसणार म्हणजे दिसणार. सरकारी कचेरीतला कारकून जागेवर सापडण्याची शक्यता त्यापेक्षा कमी. अभ्यासक मात्र कुरकुरतात. हे मासे मुळात भटके, पण आयत्या खाण्यापायी त्यांतले काही रेंगाळायला लागले, होड्यांना घासून अंगावर वण पडायला लागले, असं त्यांचं म्हणणं. त्याच देशातल्या डोन्सोल गावी असलं खाऊपिऊ घालत नाहीत. तिथे मासा आला तर आला.

भाईसाबांना ओस्लोबच पटलं. यात नवल नाही. जयपुरात अल्बर्ट हॉलसमोर कबुतरांना ज्वारी टाकतात, गलताजीला माकडांना चणे. प्राण्याला खाऊ घातलं की पुण्य, आणि पुण्याबरोबर दर्शन फुकट. “आपण पण आटा घेऊन जाऊ,” ते म्हणाले. त्यांना वाटत होतं की समुद्र म्हणजे एक मोठा घाट.

भाभीजींनी तेवढ्यात एक माहिती पुरवली. व्हेल शार्क आपल्याकडेही येतो, गुजरातच्या किनाऱ्याला, आणि मोरारी बापूंनी त्याला लेक म्हटलंय. हे खरं आहे. तिकडे तेलासाठी या माशाची बेसुमार शिकार व्हायची. 2001 साली त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि 2004 पासून बापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला सुरुवात केली की ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, तिला मारता कसं? त्याला नाव दिलं व्हाली, म्हणजे लाडकी. वनखात्याच्या शंभर फलकांनी झालं नसतं ते एका शब्दाने झालं. आता जाळ्यात व्हाली सापडली तर कोळी जाळं कापून तिला सोडतात. पण लेक माहेरी आलीय म्हणून तिच्या तोंडापुढे अंगठा धरून फोटो काढायची सोय तिथे नाही. सबब भाईसाबांनी गुजरात बाद केलं.

दुसरा पर्याय डॉल्फिनचा. तो मी स्वतः एकदा करून बसलोय, म्हणून थोडक्यात उरकतो. कोकणात मुरूड-हर्णैपासून तारकर्लीपर्यंत कुठेही जा, किनाऱ्यावर डॉल्फिनचा फलक असतोच. पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन या पाण्यात खरोखर राहतो, किनाऱ्याच्या बराच जवळ येतो, त्यामुळे यात फसवणूक कसलीच नाही. कृती अशी: होडीत बसावं, जाकीट घालावं, ते ओलं असेल. होडीवाला हात लांबवून “तो बघा” म्हणेल. तुम्ही बघेपर्यंत तिथे पाणी असेल. मग तो दुसरीकडे हात करेल, सगळी होडी एका अंगाला कलंडेल, आणि तुमच्या शेजारचा माणूस “हो, हो, दिसला” म्हणेल. त्याला काहीही दिसलेलं नसतं. तुम्हीही “दिसला” म्हणावं. पैसे सगळ्यांनीच भरलेत. माझ्या वेळी एक पाठ खरंच वर आली, करड्या रंगाची, भिजलेल्या बुटासारखी, आणि लगेच तीन होड्या इंजिनं फोडत तिच्यामागे लागल्या. मग पाठ गेली ती गेलीच. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

उरलं कासव. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, वेळास नावाचं गाव आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव. हे नाव जयपुरात जरा जपून घ्यावं. मराठ्यांनी इथल्या राजांकडे वसुलीचा जो तगादा लावला होता त्याच्या आठवणी भाईसाबांच्या घरात अजून ताज्या आहेत, आणि 1751 च्या जानेवारीत जयपूरकरांनी शहरात शिरलेल्या मराठ्यांची जी कत्तल केली तिच्या माझ्याकडे. दर दिवाळीला आम्ही हिशेब बरोबरीत सोडवतो.

पायरी दुसरी: सराव.

सांगानेरात राहून कासवदर्शनाचा सराव करता येतो. पहाटे पाचला उठा. अंधारात गच्चीवर जा. एका रिकाम्या टोपलीकडे अर्धा तास बघत बसा. दिवा लावू नका, बोलू नका, चहा मागू नका. अर्ध्या तासाने टोपली उचला. खाली काही नसेल. टोपली परत ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा या. असं तीन दिवस ज्याला राग न येता जमलं त्याने तिकिटं काढावीत.

भाईसाबांनी एक दिवस केलं. दुसऱ्या दिवशी टोपलीखाली त्यांनी स्वतःच एक मोसंबं ठेवलं. हा ओस्लोबचा मार्ग झाला, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मोसंबं सोलून मला अर्धं दिलं.

सामानात काय घ्यावं? पातळ कपडे, टोपी, पाण्याची बाटली. काय घेऊ नये? झगमग करणारी विजेरी, फोटोसाठीची लांब काठी, आणि आटा. आट्यावरून आमच्यात अख्खी संध्याकाळ गेली. कासवाची पिल्लं अंड्यातून निघताना पोटाशी बलकाची शिदोरी घेऊन निघतात, सुरुवातीचे काही दिवस ती पुरते, हे मी समजावलं. भाभीजींना लगेच पटलं. प्रवासाला घरून डबा घेऊन निघणाऱ्या जिवाबद्दल त्यांना आदर वाटला.

पायरी तिसरी: जाणे.

जयपूरहून दुपारी निघणारी मुंबईची गाडी धरावी, सकाळी मुंबईत उतरावं. विमान घराशेजारून उडतं हे खरं, पण ते इतकं घराशेजारून उडतं की आम्हाला त्यात बसायची हौस उरलेली नाही. पुढे भाड्याची गाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, आणि तिथून सावित्रीच्या खाडीवर फेरीबोट. ही बोट हा प्रवासाचा कळस आहे. गाडी सरळ बोटीवर चढते, माणसं गाडीतून उतरतात, गाडी मात्र समुद्रावरून जाते. भाईसाब बोटीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले आणि समोरचा वेसवीचा धक्का जवळ येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. राजस्थानातल्या माणसाला एकदम एवढं पाणी दाखवू नये, बेताबेताने दाखवावं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. उतरल्यावर म्हणाले, “इतना पानी, और किसी काम का नहीं.” बिसलपूर धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यासाठी सकाळी गजर लावून उठणाऱ्या माणसाचं ते मत होतं. त्याला उत्तर नाही.

पलीकडे बाणकोट, मग वळणं, मग वेळास. वळणांत ज्याला मळमळेल त्याने आवळासुपारी खावी. आमच्यात ती सगळ्यांत जास्त मलाच लागली, हे भाईसाब सांगानेरात अजून सांगतात.

पायरी चौथी: उतरणे.

वेळासला मोठं हॉटेल शोधू नका. गावातल्या लोकांनी आपल्याच घरांत पाहुण्यांची सोय केली आहे. ओटीवर किंवा माजघरात गाद्या घालतात, आंघोळीचं पाणी बंबात तापतं, आणि जेवायला ज्या घरी उतरलात तिथलीच पंगत. आम्हाला मिळालेल्या काकूंनी पहिल्याच संध्याकाळी वाटीभर सोलकढी पुढे ठेवली. भाईसाबांनी रंग बघितला, वाटी उजेडाकडे धरली, कडेला लागलेला थेंब बोटाने चोळला आणि मला हळूच विचारलं, “पक्का है?” कोकमाचा डाग धुवून जात नाही असं मी सांगितल्यावर त्यांनी ती प्यायली, आणि मग आणखी दोनदा मागून घेतली.

काकूंना हिंदी बेताची, भाभीजींना मराठी शून्य. तरी रात्री ओटीवर दोघी तासभर बोलल्या. काकू म्हणाल्या, ती येते ती आपल्या माहेरीच येते हो, बाळंतपणाला. भाभीजी म्हणाल्या, “हां, पीहर.” मग दोघी आपापल्या माहेरांबद्दल बोलत राहिल्या आणि कासव बाजूला पडलं. ही या मार्गदर्शनातली सर्वांत यशस्वी पायरी, आणि तिच्यात माझा हात नव्हता.

आता थोडी शास्त्रीय माहिती. ही पाठ करून जावी, म्हणजे मुलांसमोर पंचाईत होत नाही.

कोकणात येणारं कासव म्हणजे ऑलिव्ह रिडले. मादीचं वजन चाळीसेक किलो, पाठ दोन फुटांच्या आसपास. नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ती रात्री किनाऱ्यावर चढते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल मडक्यासारखा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंग आपटून ती दाबते आणि परत जाते. पिल्लांचं तोंड बघायला थांबत नाही. पुढचं सगळं वाळूकडे सोपवलेलं. वाळू ऊबदार असली तर माद्या जास्त निघतात, गार असली तर नर. म्हणजे मुलगा की मुलगी हे हवामान ठरवतं. हे ऐकून भाईसाबांनी सांगानेरच्या मे महिन्याचा हिशेब केला आणि म्हणाले, आमच्याकडे सगळ्या मुलीच होतील. मी म्हणालो, तुमच्याकडे आमलेट होईल.

आता ती खुली जेल. कासवीण जिथे जन्मली त्या किनाऱ्याकडे परत येते असं शास्त्रज्ञ सांगतात, आणि मी ही गोष्ट भाईसाबांना आमच्या जेलवरून पटवून दिली होती: दिवसभर हवं तिथे हिंडा, हजेरीला परत या. दृष्टांत फार बसला. पण पुढे 2025 मध्ये बातमी आली की 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे हजेरी दोन्ही जेलांत. त्याआधी 2023 मध्ये गुहागरलाच पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलेली बागेश्री नावाची मादी दक्षिणेला वळसा घालून, श्रीलंकेवरून, बंगालच्या उपसागरात पोचली होती. मला दृष्टांत मागे घ्यावा लागला. भाईसाब म्हणाले, दोन्हीकडे पीहर असेल, एक आईचं, एक मामाचं.

वेळासमध्ये हे सगळं सुरू कसं झालं तेही माहीत असावं. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडांच्या शोधात किनाऱ्याने फिरत होती. वेळासला त्यांना अंड्यांची टरफलं दिसली. कासवं येत होती, पण अंडी माणसं उकरून नेत आणि उरलेली कुत्री-कोल्ही फस्त करत. मग गावातलीच माणसं कासवमित्र झाली. कालपर्यंत ज्याला वाळूत अंडी अचूक सापडायची, त्याच्याइतका चांगला राखणदार दुसरा कोण मिळणार? रात्री किनारा तुडवायचा, वाळूवर उमटलेला मादीचा माग काढायचा, अंडी अलगद उचलून कुंपणातल्या तशाच खड्ड्यात पुरायची, वर तारखेची पाटी. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांच्या जेवणाखाण्यातून गावात चार पैसे आले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या ‘कासव’ सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, त्यानंतर काही मंडळी किनाऱ्यावर अंतर्मुख होण्यासाठीही येऊ लागली. त्यांच्यामुळे अडचण होत नाही, ती लांब बसतात.

पायरी पाचवी: प्रत्यक्ष दर्शन.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळे किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखालून वाट, मग पांढरट करड्या वाळूचा लांब पट्टा, मग जाळीचं कुंपण. कुंपणात रांगेने पाट्या, आणि ज्या घरट्यांची मुदत भरत आली होती त्यांच्यावर वेताच्या टोपल्या उपड्या घातलेल्या. कुंपणाबाहेर दीडशे माणसं. पुण्याचे बरेच. ते असतातच.

कासवमित्र आत गेला. त्याने पहिली टोपली उचलली. वाळू. दुसरी उचलली. वाळू. एवढी माणसं श्वास धरून टोपलीखालच्या वाळूकडे बघत होती, आणि वाळू वाळूसारखीच होती. चौथी टोपली झाल्यावर तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, “आज नाही. सकाळी या.”

नवशिक्याची खरी परीक्षा इथे होते. चुका किती प्रकारच्या होतात ते मी उभा राहून मोजलं. एकाने विचारलं, जरा उकरून बघता येणार नाही का? एका बाईंनी सांगितलं की आम्ही नाशिकहून आलोय, जणू अंतर कळल्यावर अंडी फुटतील. एका सद्गृहस्थांना उद्याची निश्चित वेळ हवी होती. भाईसाबांनी कासवमित्राला बाजूला घेऊन खालच्या आवाजात काही विचारलं आणि त्याने हसून मान हलवली. मागाहून कळलं की ते विचारत होते, एखादं आदल्या दिवशीचं राखून ठेवत नाही का, पाहुण्यांसाठी?

नाही ठेवत. ठेवलं तर पिल्लू पाण्याला लागायच्या आधीच थकतं. वाळूतून वर आल्यावर त्याच्या अंगात जी धावण्याची ऊर्मी असते ती किनारा ओलांडण्यासाठी आणि लाटा फोडून खोल पाण्यात शिरण्यासाठी असते. ती टबात पोहण्यात घालवायची नसते. म्हणून ते जेव्हा निघेल तेव्हाच निघेल. मला हे ठाऊक होतं, तरी मीही मनात म्हणत होतो की निदान एक तरी, आमच्या शेजाऱ्यांसाठी, जयपूरहून आलेत. म्हणजे नाशिकच्या बाईंना हसण्याचा मला अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच सगळे हजर. टोपल्या उचलल्या. वाळू. भाईसाब आता बोलेनासे झाले होते. त्यांचा मोबाइलही खिशात गेला होता. परत येताना ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांच्या नक्षीपाशी ते उकिडवे बसले. बारीक बारीक गोळ्या, मधल्या बिळापासून बाहेर चहूबाजूंनी किरणांसारख्या. “ये देखो,” ते म्हणाले. “बुटी. बिना ठप्पे की.” तिथेच अर्धा तास गेला. गावातला एक मुलगा बराच वेळ आम्हाला न्याहाळत होता. कासवं सोडून खेकड्यांच्या गोळ्या बघणारे पाहुणे त्याने पहिल्यांदाच पाहिले असावेत.

त्या संध्याकाळीही काही नाही. रात्री मी काकूंना म्हणालो, उद्या दुपारी निघायचंय, गाडी आरक्षित आहे. काकू म्हणाल्या, “मग काय? यायचं तर येतील. गेल्या आठवड्यात मुंबईची मंडळी तीन दिवस राहून गेली, फाटकाबाहेर पडली, आणि तासाभरात चाळीस निघाली.” त्यांच्या बोलण्यात ना दिलासा होता ना खंत. पावसाबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या.

तिसरी सकाळ. गर्दी निम्मी. पूर्वेकडे डोंगरामागे जेमतेम उजाडलेलं. पहिली टोपली, वाळू. दुसरी टोपली उचलली आणि कासवमित्राने ती खाली ठेवलीच नाही, तशीच हातात धरून राहिला. आतली वाळू मध्ये खचली होती, पापडाच्या मध्यात खळगा पडावा तशी. त्या खळग्यातून एक नखाएवढं काळं डोकं वर आलेलं, पापण्यांवर वाळू. मग त्याच्या बाजूने एक वल्हं. मग दुसरं डोकं, पहिल्याला पाय देऊन वर चढणारं. भाभीजींनी पदर तोंडाला लावला.

एकूण सात निघाली. त्यांना घमेल्यात घालून पाण्याच्या अलीकडे नेलं, दोन बाजूंना दोर धरले, आणि लोकांना दोराच्या मागे उभं केलं. पाण्यापर्यंत उचलून का नेत नाही, असं कोणीतरी विचारलंच. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं असतं. त्या चालण्यात हा किनारा त्यांच्या अंगात मुरतो असं मानतात. विजेरी लावायची नाही, कारण जिकडे जास्त उजेड तिकडे पिल्लू निघतं, आणि किनाऱ्यावर तो समुद्राकडे असायला हवा, पुण्याच्या पाहुण्याच्या मोबाइलकडे नव्हे.

घमेलं कलतं केलं. सात काळे ठिपके वाळूवर सांडले, क्षणभर गोंधळले, आणि मग एकेक करून वल्ही मारत निघाले. एक उलट दिशेला लागलं, थांबलं, वळलं. एक पावलाच्या खळग्यात पडलं आणि बाहेर यायला त्याला मिनिटभर लागलं. तेवढा वेळ दोराच्या दोन्ही बाजूंना कोणी हललं नाही. हजारातून एखादंच मोठं होतं असं सांगतात. कासवमित्राने हा आकडा त्या सकाळी उच्चारला नाही. मला वाटतं तो मुद्दामच उच्चारत नाही.

पहिलं पिल्लू पाण्याला लागलं, लाटेने त्याला उचललं आणि परत वाळूवर फेकलं, मग दुसऱ्या लाटेने घेतलं. लोक टाळ्या वाजवणार होते, कोणीतरी शूऽऽ केलं.

मी भाईसाबांकडे बघितलं. ते पिल्लांकडे बघतच नव्हते. पिल्लं पुढे गेली होती आणि त्यांनी मागे ओल्या वाळूवर सात रेघा सोडल्या होत्या. बारीक, सरळ, मध्ये पोटाची फरपट, दोन्ही बाजूंना वल्ह्यांचे ठसे. भाईसाब दोराला धरून वाकले, एक डोळा मिटला आणि कापडाचा ताणा बघावा तसं बघू लागले. त्यांच्या कारखान्यात आधी रेखेचा ठप्पा पडतो, मग त्यात रंग भरणाऱ्या दत्त्याचा, आणि एका ठप्प्याला दुसरा चिकटला नाही, केसभर जरी सरकला, तरी ते कापड बाजूला काढतात.

“आमने-सामने नहीं है,” ते कुजबुजले. “एक इधर, एक उधर. फिर इधर.” खरंच तसं होतं. एक ठसा डावीकडे, त्यापुढे उजवीकडे, पुन्हा डावीकडे, समोरासमोर एकही नाही. “पण जोड कुठे दिसत नाही,” ते मला म्हणाले, मराठीत. चौदा वर्षांत त्यांनी माझ्याकडून उचललेल्या दहा-बारा वाक्यांत हे बसत नव्हतं, कुठून आणलं कोण जाणे. त्यांनी बोटाने हवेत एक वेल काढून बघितली, वीतभर लांब, आणि पुन्हा वाळूकडे पाहिलं.

तेवढ्यात मोठी लाट आली. शेवटचं पिल्लू तिने घेतलं आणि सातही रेघा खालपासून वरपर्यंत पुसत नेल्या. वाळू पुन्हा कोरी, नुकत्याच धुतलेल्या थानासारखी.

भाईसाब सरळ उभे राहिले, गुडघ्यावरची वाळू झटकली.

“रंग कच्चा है,” ते म्हणाले.